टीव्हीकडे पाठ केलेला बाक

मी बाक क्रमांक सतरा बोलत आहे. माझे संपूर्ण नाव माझ्या पाठीवर पांढऱ्या तैलरंगात लिहिलेले आहे : 'जि. प. प्राथमिक शाळा, इयत्ता सातवी, बाक क्र. १७'. शाळेच्या नावापुढे गावाचेही नाव होते. ते टेकणाऱ्या पाठींनी पुसून टाकले. अपूर्ण नाव सांगणे मला आवडत नाही, परंतु पुसलेली अक्षरे अंदाजाने भरणे त्याहून आवडत नाही. गाव कुरखेडा तालुक्यातील, एवढे खात्रीने सांगतो. वय वर्षे अठ्ठावन्न.

जन्माने मी साग. आलापल्लीकडच्या जंगलात उभा होतो असे म्हणतात. मला ते आठवत नाही, आणि जे आठवत नाही त्याची फुशारकी मारू नये. माझी स्मृती सुताराच्या रंध्यापासून सुरू होते.

मी शाळेत शिकलो नाही, शाळेत होतो. खालच्या वर्गांतील मुले टाटपट्टीवर बसत, सातवीला तेवढे बाक होते. मास्तर मुलांना शिकवीत आणि मी ऐकत असे. फळा माझ्या समोरच होता. काना कोणता, मात्रा कोणती, हे मी स्वतःचे स्वतः ताडले. मुले दर वर्षी पुढे गेली. मी सातवीतच राहिलो, म्हणून सातवीचे पुस्तक माझ्याइतके कोणाला पाठ नसेल. माझी भाषा आपणांस थोडी ताठ वाटली तर तिचे कारण हे आहे.

पुढे लोखंडी पायांचे बाक आले आणि आम्हांस लिलावात काढले. आम्ही वीस भावंडे एका खोलीत वाढलो होतो. एका दुपारी बैलगाड्यांतून आणि लोकांच्या खांद्यांवरून वीस दिशांना गेलो. त्यांच्यापैकी एकाचेही पुढे काय झाले ते मला कळले नाही.

मला घेतले इस्तारीभाऊंनी. गावच्या तलावात मासे धरणे आणि उरलेल्या वेळी जाळी विणणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्या पत्नी गोकुळाबाई दारातच आडव्या आल्या.

"हे धूड काऊन आनलं जी? ठेवाचं कुठी?"

"दुसरीतून मास्तरनं हाकललं होतं मले," इस्तारीभाऊ म्हणाले. "आता डायरेक्ट सातवीत बसतो. ये, तूही बस. पास झालीस."

बाईंचा प्रश्न मात्र रास्त होता. बाहेरची खोली लांब होती, पण रुंदी अशी की मधोमध उभे राहून हात पसरावेत तर दोन्ही भिंतींना बोटे लागावीत. एका लांब भिंतीला दिवाण होता; समोरच्या भिंतीला मला लावले. दिवाणावरच्या माणसाचे गुडघे माझ्यावर बसलेल्याच्या गुडघ्यांना लागत. येणारा-जाणारा "सरका जरा" म्हणत आत जाई. अडचण खरी, परंतु त्या अडचणीत माणसाला माणसाच्या तोंडाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नसे.

या गोष्टीचे मोल मला पुढे उमगले. गोकुळाबाईंचे कान पन्नाशीच्या आतच मंदावले आणि काही वर्षांत पार गेले. त्यांनी हे कोणाला सांगितले नाही. त्या मानी होत्या. समोरच्याचे ओठ पाहून त्या बोलणे ओळखू लागल्या, आणि इतक्या सफाईने उत्तर देत की पोटच्या मुलालाही वाटे, आईला थोडे कमी ऐकू येते, बस.

ठाऊक होते ते एकट्या इस्तारीभाऊंना. ते माझ्यावर बसून आखूड भिंतीवरच्या खुंटीला जाळे अडकवून विणत. बाई दिवाणावर बसून बांबूच्या सुईत सूत भरून देत. विणताना सुताचे टोक दातांत धरायची सगळ्यांना सवय असते. इस्तारीभाऊ बोलायचे असले की आधी सूत तोंडातून काढीत, मान वर करीत, आणि मगच बोलत. मिशाही त्यांनी उतरवल्या होत्या. तलावावरचे सोबती चेष्टा करीत, "मिशा कुठी गेल्या गा इस्तारी? मासोळ्यांनी खाल्ल्या का?" ते हसत आणि जाळे पाण्यात टाकत. त्या दोघांत कधी मोठ्याने बोलणे झाले नाही. बाहेरून जाणाऱ्याला वाटावे, घरात कोणी नाही. आणि आत गप्पा चाललेल्या असत.

तीन पावसाळ्यांपूर्वी इस्तारीभाऊ वारले. अर्धे विणलेले जाळे खुंटीला तसेच राहिले. गोकुळाबाई माझ्या समोर बसून राहत. माझ्यावर कोणी नसे.

मुलगा धनराज धानगिरणीत कामाला आहे. मायाळू माणूस. आईचे असे बसणे त्याला पाहवेना. एके दिवशी तो वडशाहून मोठा टीव्ही घेऊन आला.

"माय, तुह्यासाठी आनला," तो खोके उतरवत म्हणाला. "बाबा गेल्यापासून एकटी बसून राह्यतेस. आता घरात आवाज राहीन."

टीव्ही आला, पण लावायचा कुठे? धनराजने तो माझ्या डोक्यावरच्या भिंतीला धरून पाहिला.

"इथी लावता?" त्याची पत्नी डिंपल म्हणाली. "दिवाणावर बसलं तं नाक लागन पडद्याले."

"डोळे फुटतीन बाबा," त्यांची मुलगी आचल म्हणाली. ती तेव्हा बारावीला होती.

उरली आखूड भिंत. तेथे खुंटी होती. धनराजने जाळे उतरवून माळ्यावर टाकले, खुंटी उपटली आणि टीव्ही टांगला. मग साऱ्या सामानाला तिकडे तोंड करणे भाग पडले. दिवाण खोलीत आडवा झाला. त्याच्या मागे मी आडवा. माझ्या मागे प्लास्टिकच्या दोन खुर्च्या.

"अन् जाची वाट?" डिंपलने विचारले.

"आडवं होऊन जा ना."

"मी आडवी होऊन जाईन. तुमचं पोट कुठून जाईन?"

सगळे हसले. गोकुळाबाईही हसल्या, तोवर सर्वजण समोरासमोर उभे होते. मग धनराजने आईला हाताला धरून दिवाणाच्या मधोमध बसवले. "माय पहिल्या नंबरावर," तो म्हणाला आणि आवाज वाढवला. बाईंनी मान हलवली.

ही मांडणी मी तत्काळ ओळखली. हा वर्ग होता. एका भिंतीकडे तोंड, आणि पुढच्याची मान मागच्याच्या डोळ्यांसमोर. वर्गात हे शोभते. तेथे बोलणारा एकच असतो. घरात बोलणारे चौघे होते आणि त्यांतले तिघे पडद्याकडे पाहून बोलत. "भाजी कायची?" हे पडद्याला विचारायचे, आणि "वांग्याची" हे उत्तरही पडद्यालाच द्यायचे.

आरंभी गोकुळाबाई वळून पाहत. मागे काही बोलले जात आहे असे वाटले की मान डावीकडे नेत, उजवीकडे नेत. बोलणारे तोंड सापडेपर्यंत बोलणे संपलेले असे. सर्वजण हसले की त्याही हसत, परंतु एक क्षण मागून. पुढे त्यांनी वळणे सोडून दिले. मालिकांचाही त्यांना आधार नव्हता. त्यांतली माणसे ऐन बोलताना खिडकीकडे तोंड करतात.

"पाहा, माय कशी रमली टीव्हीत," धनराज समाधानाने म्हणे.

"हलत बी नाई," डिंपल म्हणे.

मी त्यांच्या पाठीमागे होतो. रमलेल्या माणसाची पाठ मी वर्गात पुष्कळ पाहिली आहे. ही तशी नव्हती. आपल्याच घरात, आपल्याच माणसांच्या मधोमध बसून ती बाई घराबाहेर पडली होती, आणि हे सांगायला माझ्याजवळ वाचा नव्हती.

असे वर्ष गेले. आचलला गडचिरोलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि त्याच सुमारास ब्रह्मपुरीकडचे एक स्थळ सांगून आले. मुलगा निकेश, घरी धानाची शेती; दर पावसाळ्यात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चाले. धनराजची अट एकच होती : लग्न झाले तरी आचलचे शिक्षण पूर्ण होऊ द्यावे. मुलाचे मामा आणि मामी शकुबाई आधी मुलगी पाहायला येणार होते.

त्या सकाळी डिंपलने खोलीभर नजर फिरवली आणि कमरेवर हात ठेवले.

"पाहुने का टीव्हीकडे तोंड करून बसतीन? पोरगी पाहाले येऊन राह्यले का मॅच पाहाले?"

दिवाण पुन्हा त्याच्या लांब भिंतीला गेला, मी माझ्या. टीव्हीवर फुलाफुलांची चादर टाकली.

"माय आत बसन का?" डिंपलने हळूच विचारले. "पाहुन्यायनं काही इचारलं अन् तिले नाई आलं ऐकू तं..."

"घरचं मोठं मानूस आहे. इथीच बसन," धनराज म्हणाला.

गोकुळाबाई धुतलेले लुगडे नेसून दिवाणावर बसल्या. पाहुणे माझ्यावर बसले. गुडघ्यांना गुडघे लागले. मामांनी ओरडून विचारले, "काय बाई, बऱ्या आहात ना?" धनराजने खुलासा केला, "तिले ऐकू येत नाई बरोबर." मामांनी बरे म्हटले आणि पुन्हा बाईंकडे पाहिले नाही.

चिवडा आला, चहा आला. आचल येऊन, नाव-शिक्षण सांगून आत गेली. धनराजने आपली अट सांगितली.

"शिकू द्या ना!" मामा मोकळेपणाने म्हणाले. "आमच्या घरी शिक्षनाले कोनाची ना नाई. आजकाल पोरी शिकल्याच पायजेत."

धनराजचा चेहरा उजळला. तो पाणी आणायला आत वळला. खोलीत पाहुणे आणि म्हातारी, एवढेच उरले. शकुबाई मामांकडे झुकल्या. आवाज इतका बारीक, की त्यांच्या बुडाखाली असलेल्या मलाच काय तो ऐकू यावा.

"तुमी काऊन हो म्हनून राह्यले जी? रोवनीले हात पायजेत घरात. कायची नर्स न् कायचं काय!"

"चूप. एकदा लगन होऊ दे," मामा ओठांतल्या ओठांत म्हणाले. "मंग कोन शिकवते?"

धनराज पाण्याचा तांब्या घेऊन आला. तेव्हा गोकुळाबाई बोलल्या. पुष्कळ दिवसांत त्यांचा आवाज असा खोलीभर झाला नव्हता.

"शकुबाई, रोवनीले हात पायजेत तं रोजानं बाया सांगा ना. सून काऊन सांगता?"

धनराज जागच्या जागी थांबला. शकुबाईंनी बशी खाली ठेवली.

"क... कोन म्हनलं?"

"तुमीच. आता, यायच्या कानात. अन् हे म्हनले, लगन होऊ दे, मंग कोन शिकवते."

मामा धनराजकडे वळले. "तुमी तं म्हनत होते म्हातारीले ऐकू येत नाई!"

"नाई येत," गोकुळाबाई म्हणाल्या. "दिसते."

यानंतर पाहुण्यांनी पुष्कळ सारवासारव केली, थट्टेने बोललो असे सांगितले, आणि दुसरा चहा न घेता उठले. दारापर्यंत पोहोचवायला कोणी गेले नाही. आतून आचल आली आणि आजीच्या पायाशी बसली.

धनराजने तांब्या ठेवला आणि मला पुन्हा टीव्हीसमोर नेण्यासाठी एका बाजूने उचलले. मग म्हणाला, "माय, इतकी वर्षं सांगतलं काऊन नाई? मी इचारतच होतो ना, बरी आहेस का म्हनून..."

"इचारलं अशीन तू," त्या शांतपणे म्हणाल्या. "माह्याकडं पाठ करून इचारलं अशीन."

हे ऐकले तेव्हा माझी एक बाजू धनराजच्या हातातच होती. त्याने मला खाली ठेवले आणि तो माझ्यावर बसला. आईच्या गुडघ्यांना त्याचे गुडघे लागले. गोकुळाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत तो बोलण्याची वाट पाहत होत्या. वाट पाहण्याची त्यांना सवय होती.

आज मी कोठे आहे, ते सांगून थांबतो. दिवाण पुन्हा टीव्हीसमोर आडवा आहे; त्यावर बसून बाकीची मंडळी टीव्ही पाहतात. गोकुळाबाई त्याच्या टोकाला, भिंतीला टेकून, माझ्याकडे वळून बसतात. मला टीव्हीकडे पाठ करून त्यांच्यासमोर ठेवले आहे. या मांडणीत वाट पूर्वीपेक्षाही अरुंद झाली आहे. डिंपल रोज कुरकुरते आणि रोज आडवी होऊन जाते. जो माझ्यावर बसतो त्याला पडदा दिसत नाही, म्हणून माझ्यावर बसायला फारसे कोणी उत्सुक नसते. क्रिकेटचा सामना असला की माझ्यावर कोणीच नसते. तेव्हा गोकुळाबाई माझ्याकडे पाहतात आणि मी त्यांच्याकडे. सातवीचे सबंध पुस्तक मला पाठ आहे. त्यांना म्हणून दाखवायला मला ओठ नाहीत.

वाचकहो, आपल्याही घरी खोली लहान असेल, भिंत एकच असेल, टीव्ही मोठा असेल. त्याला जागा द्या. माझी तक्रार नाही. फक्त एक बैठक उलटी ठेवा आणि आळीपाळीने तिच्यावर बसा. समोर कोणी बसले आहे का, ते पाहा.

त्या दिवसानंतर जे बदलले ते एवढे : निकेशचे स्थळ मोडले. आचल गडचिरोलीच्या वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत आहे. आणि धनराजला आईला काही सांगायचे असले की तो आधी माझ्यावर येऊन बसतो, मग बोलतो.