रुद्रप्पाची रास आणि चाळीस शिडं

रुद्रप्पाला त्या माणसांची किळस आली ती पहिल्याच सकाळी, चहाच्याही आधी. मंगळवेढ्याच्या अलीकडचा तो तलाव मार्चात असा हिरवा नि दाट होतो की म्हशीसुद्धा नाक मुरडून उतरतात, आणि बेडकं तर काठावर बिऱ्हाड करतात. अशा पाण्यात पुण्याकडची चाळीस माणसं काळे रबरी कपडे घालून, फळीवर शीड उभं करून, वाऱ्यावर पळायला आली होती. शनिवारी शर्यती, रविवारी नुसता वेग मोजायचा.

"तेलात घोळलेल्या वांग्यागत दिसत्यात," रुद्रप्पा थुंकला.

वारा मात्र नव्हता. माणसं पाण्यात पडत, शेवाळ घेऊन बाहेर येत आणि निथळती शिडं काठावरच्या रुद्रप्पाच्या खळ्याच्या बांधाला टेकवून ठेवत. सगळ्या खळ्याला तलावाचा वास लागला.

वारा रुद्रप्पालाही हवा होता. बैलांनी मळलेली ज्वारी चार दिवस भुसकटासकट पडून होती. वाऱ्याशिवाय उपणायची कशी? गावानं मशीन धरलं, पण मशीनच्या ज्वारीची भाकरी चिंधीसारखी लागते, असं हा एकटाच म्हणे. रविवारी दुपारी मावळतीकडं आभाळ काळंभोर झालं. रास भिजली तर ज्वारी काळी पडणार, वर्षाची भाकरी जाणार.

"अवो," त्याची बायको सिद्धम्मा म्हणाली, "वारा नसला की आपुन धोतर हलवून वारा घालतो न्हवं? त्येंच्याकडं तर घराएवढी धोतरं हायती."

"त्या घाणीचा वारा? माज्या राशीला?"

"मग काळी भाकर खावा."

गेला बिचारा त्यांच्याकडं. या जत्रेचा म्होरक्या सयाजी मूळचा इकडचाच, नातेपुत्याचा. खळं म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं नाही. तो लगेच सगळ्यांना घेऊन आला.

"पायताण काढा!" रुद्रप्पा ओरडला. "खळं हाय, बाजार न्हवं!"

ते रबरी मोजे निघता निघेनात. एकेकाचा पाय दोघांनी ओढला तेव्हा आतून पांढरे, सुरकुतलेले, भिजक्या शेंगदाण्यासारखे पाय बाहेर आले. रुद्रप्पानं तोंड फिरवलं. पाय धुऊन घेतले, शिडं कडब्यानं पुसून घेतली, आणि मग कुठं तो पाटी घेऊन वावडीवर, म्हणजे उपणायच्या उंच तिवईवर, चढला.

"हाना!"

चाळीस शिडं एकदम हलली. काय तो वारा! ज्वारी खाली मोत्यासारखी पडली आणि भुसकट उडालं ते थेट कुर्डुवाडीच्या फलाटावर. तिथला झाडूवाला अजून झाडतोय म्हणतात.

शेवटची पाटी रिकामी झाली आणि टपटप थेंब आले.

"शिडं राशीवर घाला!" सयाजी ओरडला. घातली. आणि नेमका तेव्हाच खरा वारा सुटला.

चाळीस जणांचे डोळे चमकले. "आजोबा, दोन दिवस याचीच वाट बघत होतो," सयाजी गयावया करू लागला. "शिडं सोडा की!"

"हात लावून बग." रुद्रप्पा नाक दाबून त्या वासाच्या ढिगावर बसला. "पाऊस थांबंपर्यंत उठत न्हाय."

तेवढ्यात वाऱ्यानं एक शीड उचललं. खालची ज्वारी दिसली. रुद्रप्पानं झडप घालून त्याची काठी धरली, तर शीड त्यालाच घेऊन निघालं! उघड्या जागेवर सिद्धम्मा आडवी पडली. बाई अंगानं भरभक्कम, थेंब आत जाईना. इकडं रुद्रप्पा बांधावरून पाण्यात, फळी नाही काही नाही, नुसत्या टाचांवर. सोडावं तर राशीवरचं पांघरूण जातंय. नाकात शेवाळ, कानात शेवाळ, तोंडात काय होतं ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. तलावाला तीन वेढे घालून वाऱ्यानं त्याला खळ्यावर आणून आपटलं. त्यानं आधी शीड जागेवर पांघरलं.

सयाजी वेग मोजायचं यंत्र नाचवत धावला. "आजोबा, वेगात पहिला नंबर तुमचा!"

रुद्रप्पानं मिशीतलं हिरवं निपटलं. "थू! अगं, रास कोरडी हाय का?"

सिद्धम्मानं पडल्यापडल्या आत हात घातला. "खडखडीत!"

सयाजीनं पुढं केलेलं मेडल त्यानं मेलेल्या उंदराच्या शेपटीसारखं दोन बोटांत धरलं आणि फडफडणाऱ्या शिडाच्या कोपऱ्यावर ठेवलं. वाऱ्यानं कोपरा पुन्हा उचलला.

"लई हलकं हाय," तो म्हणाला. "दगड आन."