बाहेरचं कुलूप आणि आतला अडसर

मी एक जुना अडसर आहे, मित्रांनो. तुमच्या दारांना लॅच असतात, म्हणून आधी ओळख करून देतो. रात्री दार लावलं की त्याच्यामागे आडवं ओढायचं जाड लाकूड म्हणजे मी. दिवसा मी भिंतीतल्या लांब खोबणीत सरकून बसायचो. पाटणकडच्या सागाचा आहे. ज्योतिबा सुताराने मला तासलं. चोर आला की माझी कसोटी लागणार होती, पण वाईच्या आमच्या आळीत चोर फिरकलाच नाही. त्यामुळे माझा रुबाब फुकटचाच!

घर जैनुद्दीन मण्यारांचं. ते बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरत आणि घरी येणाऱ्या बायकांना त्यांच्या पत्नी मेहरुनबी बांगड्या भरत. रात्री जैनुद्दीन मला ओढून दार लावत आणि म्हणत, “तू हायस म्हणून झोप लागती रं.”

जैनुद्दीन गेले. मुलगा फारूक पुण्याला राहायला गेला. पुढे आमची आळी वारसा म्हणून जपायची ठरली आणि घरोघरी खाली दुकानं आली. आमच्याकडे यशराजने जॅम आणि पितळी समयांचं दुकान टाकलं. घराच्या दर्शनी भागाला हात लावायचा नाही असा नियम, त्यामुळे वर राहणाऱ्या मेहरुनबींना वेगळं दार मिळालं नाही. त्यांचा जिना दुकानातच उतरतो. यशराज संध्याकाळी बाहेरून कुलूप लावून किल्ली घरी नेऊ लागला. मेहरुनबीच त्याला म्हणाल्या होत्या, मला कुठे रात्रीचं बाहेर जायचंय? तिथेच चूक झाली. माझ्या खोबणीसमोर बाटल्यांची मांडणी आली आणि मीही भिंतीत कोंडला गेलो. अंधारात पडून नुसतं ऐकायचं. संध्याकाळ झाली की वर त्यांच्या येरझाऱ्या सुरू होत.

शेजारच्या लीलाबाई त्यांच्या जिवाभावाच्या. लग्नाच्या चुड्यापासून लीलाबाईंच्या हातात दुसऱ्या कुणी बांगडी भरली नव्हती. सवाष्ण गेले तर शेवटचा हिरवा चुडाही तूच भरायचास, असा शब्द त्यांनी मेहरुनबींकडून घेतला होता.

दुकानाच्या सुटीच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, यशराज सकाळी येऊन कुलूप काढून जाई. एका मंगळवारी तो आटपाडीला लग्नाला गेला आणि विसरला. नेमक्या त्याच सकाळी लीलाबाई गेल्या.

त्यांचे यजमान लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले, मेहरुनबींना न्यायला आमच्या दारापाशी आले. यशराज फोन उचलत नव्हता.

“दादा, कुलूप तोडा,” मेहरुनबी खिडकीतून म्हणाल्या.

लालासाहेबांनी दगड उचलला. आळीतली माणसं आडवी आली. कोयंडा जुना हाय, नोटीस येईल, आधी परवानगी काढा, असं जो तो सांगू लागला. दोन हातांवर मी पडून होतो. ते दार माझ्या भरवशावर लागलेलं असतं, तर मेहरुनबींनी मला कधीच सारलं असतं!

दुपार कलली. शेवटी लालासाहेबांनी तिरडी खिडकीखाली थांबवली. मेहरुनबींनी दोरीला बांधून हिरव्या बांगड्या खाली सोडल्या. लीलाबाईंची सून साक्षी त्या भरू लागली, पण हात ताठ झाला होता. बांगड्या तडातडा वाढू लागल्या.

“ऱ्हाऊ दे पोरी,” वरून आवाज आला. “तिच्या उशाशी ठेव.”

तिरडी घाटाकडे गेली. मेहरुनबी वर हमसून हमसून रडत होत्या.

संध्याकाळी यशराज आला. त्याने माफी मागितली, जादा किल्ली द्यायला निघाला. मेहरुनबींनी ती घेतली नाही. बाटल्या एकेक करून खाली ठेवल्या, मांडणी बाजूला ओढली आणि माझं टोक धरलं.

“आजपास्नं बाहेरनं कुलूप न्हाई. दार मी आतनं लावणार. सकाळी हाक मार, उघडते.”

यशराज मालाचं बोलू लागला.

“मग माल घरी ने,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, जुनी घरं जपा, दारांचे फोटो खुशाल काढा. पण आत कुणी राहत असेल, तर त्या माणसाला हवं तेव्हा बाहेर पडता येतं का, हे आधी बघा. आमच्या आळीत ते कुणी बघितलं नाही, आणि लीलाबाई मोकळ्या हातांनी गेल्या.