अकरा कॅन

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. दोन्ही हातांत पाण्याचा एकेक कॅन, मान आखडलेली, एकेक पायरी चाचपत उतरत होते. तिने गाठोड्याचं रिकामं फडकं छातीशी धरलं आणि भिंतीला टेकून त्यांना वाट करून दिली. ते चार पायऱ्या खाली गेल्यावर तिचं लक्ष कॅनच्या मुठीकडे गेलं. मुठीला पांढऱ्या अस्तराची चिंधी बांधलेली होती आणि चिंधीवर शाईने तारीख लिहिलेली होती. अक्षर तिचं होतं.

"अहो, हे कुठून आणलंत?"

"भाऊंनी दिलं," सेक्रेटरी न थांबता म्हणाले. "माणूस असावा तर असा!"

उरलेला जिना ती धावतच चढली. घराचं दार सताड उघडं होतं. बाहेर बादल्या, पातेली, प्लास्टिकचे टब घेऊन सात-आठ माणसं उभी होती आणि आत तिचा नवरा बाह्या सरसावून एका बादलीत कॅन रिता करत होता. पलंगाखालची रांग गेली होती. दारामागची गेली होती. शिलाई मशीनच्या पायाशी ठेवलेले दोनही दिसत नव्हते.

"भाऊ, तुम्ही होतात म्हणून हो," एक जण म्हणाला.

"त्यात काय एवढं," नवरा म्हणाला. "अडीअडचणीला उपयोगी पडायचं नाही तर ठेवायचं कशाला? मी आधीच ओळखलं होतं, यंदा पाणी दगा देणार."

रांगेतल्या शेवटच्या बाईंनी बादली पुढे केली. "पिण्याचं नसलं तरी चालेल हं मला. कुंड्या सुकल्यात."

त्याने ओतलं. कुंड्यांसाठी ओतलं. ती उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

मागच्या वर्षी तीन दिवस पाणी गेलं होतं, तेव्हा सासूबाई तापाने फणफणल्या होत्या आणि पोटही बिघडलं होतं. चादरी धुवायला पाणी नव्हतं, अंग पुसायला नव्हतं. गोळी द्यायची म्हणून ती भांडं घेऊन सेक्रेटरींच्या दारात गेली होती. त्यांच्या मोरीत भरलेलं पिंप तिला उघड्या दारातून दिसत होतं. "आमचंच भागत नाही," असं म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं होतं. शेवटी तिने दुकानातून सोड्याची बाटली आणली आणि फेसाळत्या सोड्याबरोबर म्हातारीला गोळी गिळायला लावली.

त्यानंतर तिने कॅन जमवायला सुरुवात केली. मोठी टाकी घ्यायची ऐपत नव्हती, आणि घेतली असती तरी दोन खोल्यांत ती ठेवणार कुठे? ज्या शाळेचे गणवेश ती शिवायची, तिथल्या कँटीनवाल्याकडे सरबताचे कॅन रिकामे व्हायचे. तो ते फेकायचा, ती ते मागून आणायची. खायचा सोडा आणि गरम पाणी घालून वास जाईपर्यंत घुसळायची. पहाटे नळाला धार यायची ती करंगळीएवढी, त्यामुळे रोजचं भरून झाल्यावर एखादाच कॅन भरायचा. पलंग विटांवर चढवून तिने खाली जागा केली. चिंधीवरची तारीख जुनी झाली की ते पाणी फरशीला, कपड्यांना वापरायचं आणि कॅन पुन्हा भरायचा. असे अकरा कॅन झाले होते.

त्या वर्षभरात नवऱ्याने एक कॅन उचलला नव्हता. "बाईसाहेबांचं धरण," असं म्हणून तो मित्रांना पलंगाखाली वाकून दाखवायचा. सासूबाईंचं वेगळंच. "घर आहे की गोदाम? पाय टाकायला जागा नाही," हे त्यांचं दिवसातून दोनदा ठरलेलं.

आज सकाळी रस्त्यावरून नगरपालिकेची गाडी भोंग्यावर ओरडत गेली. मुख्य पाइप फुटलाय, चार दिवस पाणी येणार नाही. साऱ्या इमारतीत धावाधाव झाली. ती मात्र गणवेशांचं गाठोडं बांधून निवांत शाळेत पोचवायला गेली होती.

बाई बादली घेऊन गेल्या. नवऱ्याने हात झटकले.

"बघितलंस? तुझं धरण शेवटी कामाला आलं."

"एकही ठेवला नाहीत?"

"अगं, शेजारीपाजारी तडफडताहेत आणि आपण साठा करून बसायचं? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

"माणुसकी तुमची आणि पाठ माझी!" तिचा आवाज चढला. "पहाटे उठून कोणी भरले? कोणी घासले? मागच्या वर्षी ज्यांनी तोंडावर दार लावलं, त्यांच्या हातात दोन-दोन कॅन दिलेत. कुंड्यांना दिलंत! मला एका शब्दाने विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? घरातलंच तर पाणी."

"घरातलं म्हणजे तुमचं, नाही का?"

आईकडे बघून त्याने खांदे उडवले, चपला घातल्या आणि खाली निघून गेला. जिन्यात कोणीतरी त्याला "भाऊ, उपकार झाले" म्हणाल्याचं वरपर्यंत ऐकू आलं.

ती मशीनच्या स्टुलावर बसली. सासूबाई पलंग आणि भिंत यांच्या सांदीत गोधडी पांघरून बसल्या होत्या. पलंग सोडून त्या तिथे का बसल्या असतील, हे रागाच्या भरात तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"दार लाव आधी," सासूबाई म्हणाल्या.

तिने लावलं.

"आता मला हात दे. पाय पार बधिर झालेत."

तिने दोन्ही हात धरून त्यांना उठवलं. गोधडी सरकली. खाली दोन कॅन होते, खेटून उभे, मुठींना चिंध्या बांधलेले.

"आई!"

"ऊठ म्हणाला दोनदा. म्हटलं, गुडघा धरलाय, नाही उठवत." सासूबाई भिंतीला धरून कशाबशा उभ्या राहिल्या. "दोन तास झाले. मला आधी मोरीत ने, बाकीचं मग."

ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. म्हातारीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दिवेलागणीला नवरा घरी आला. दिवसभर लोकांच्या बादल्या घरोघरी पोचवून त्याचा घसा सुकला होता. तिने पेला पुढे केला. त्याने एका दमात संपवला आणि मग पेल्याकडे बघत राहिला.

"हे कुठलं?"

"माझ्या बुडाखालचं," सासूबाई म्हणाल्या.

त्याने आईकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या दोन कॅनकडे. जेवताना त्याने दुसऱ्यांदा पाणी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. त्यानेच उघडलं. पहिल्या मजल्यावरची बाळंतीण दारात उभी होती, एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात बादली.

"भाऊ, थोडं आहे का हो अजून? काल मला वर येता आलं नाही."

त्याने सवयीने छाती पुढे काढली. मग तो मागे वळला.

"मला नका विचारू," तो म्हणाला. "पाणी हिचं आहे."

मशीन थांबलं. ती उठून दाराशी आली.

"दुधाला हवंय?"

"हो. पावडरचं दूध आहे, दिवसातनं सहा वेळा करावं लागतं."

"बादली राहू द्या. झाकणाची बाटली घेऊन या, धुतलेली. संपली की परत या. पण माझ्याकडे या."

बाळंतीण बाटली घेऊन आली तोवर त्याने एक कॅन उचलून ओट्याजवळ आणला होता. तिने बाटलीत नरसाळं धरलं. त्याने कॅन अलगद कलता केला.

"किती ओतू?"

"मी थांबा म्हणेपर्यंत."

त्याने ओतायला सुरुवात केली. एक डोळा धारेवर होता, एक तिच्या तोंडाकडे.