पहिल्या बर्फापर्यंत

“आई, हात पुढे कर बघू.”

“अगं, सोलतेय ना! दम नाही का जरा?”

“पीच नकोय मला. हात दाखव.”

मागच्या सीटवरून मिह्यांगच्या तोंडाशी आलेला हात पीचच्या फोडीसकट माघारी गेला. पण जे दिसायचे ते दिसून गेले होते. मिह्यांगने आरशात पाहिले, मग शेजारी बसलेल्या बापाकडे पाहिले.

“बाबा, आईनं नखं रंगवलीत.”

“हं,” मान्सॉक म्हणाला.

“हं काय? उद्या सकाळी ऑपरेशन आहे तिचं! तेरड्याची नखं असली की भूल चढत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तुमच्या लक्षात आलं नाही?”

ती बोटे मान्सॉकनेच बांधली होती. दर उन्हाळ्यात तोच बांधायचा. बायको अंगणात सोयाबीन मुरत घातलेल्या मडक्यांशेजारी बसून तेरड्याच्या लाल पाकळ्या आणि दोन-चार पाने तुरटीबरोबर कुटायची, तो लगदा नखांवर ठेवायची. पण दोरा बांधायला तिसरा हात लागतो, तो मान्सॉकचा. दहाही बोटांना पाने गुंडाळून तो असा काही दोरा आवळायचा, की ‘बोटं आहेत की पार्सलं’ म्हणून ती रात्रभर त्याच्या नावाने खडे फोडायची. गेल्या आठवड्यातही तिने हात पुढे केले आणि त्याने बांधले. ऑपरेशनची तारीख समोरच्या कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवलेली होती. त्याची अक्कल चरायला गेली होती, दुसरे काय.

“मीच बांधली,” तो म्हणाला.

मिह्यांगने कपाळाला हात लावला.

“हात खाली घे, गाडी चालवतेयस,” मागून आई म्हणाली. “आणि त्यांना कशाला बोलतेस? मी सांगितलं म्हणून बांधली. झालं ते झालं. डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. पुढची तारीख देतील.”

हे ती फारच सहज म्हणाली. मान्सॉकला काहीतरी खटकले, पण नेमके काय ते सापडेना, म्हणून तो नेहमीप्रमाणे मूग गिळून बसला.

गुर्येहून निघाल्यापासून ती बोलतच होती. आधी शेजारणीला फोनवर फुलांची शिकवणी झाली. गुलबक्षीला संध्याकाळी पाणी घाल, कोंबड्याच्या झाडाला जास्त घातलंस तर मुळं कुजतील, तेरडा तोडू नकोस, कुंपणाशी तेरडा आहे म्हणून साप आत येत नाहीत. मग नदीला पाणी किती कमी, मग कुणाच्या भातात गवत किती माजलंय, मग समोरच्या ट्रकवाल्याला गाडी नीट हाकता येत नाही. खिडकी बंद होती, तरी ट्रकवाल्याचा उद्धार चालूच.

त्या आवाजावर मान्सॉकचे सगळे आयुष्य चालले होते. तरुणपणी तो लांब पल्ल्याची बस चालवायचा आणि ती त्याच बसच्या दारात उभी असायची. तेव्हा कंडक्टर म्हणून पोरीच असत. उतारू चढले, की दाराबाहेर लोंबकळत ती बसच्या पत्र्यावर दोन थापा मारायची आणि ‘ओराय!’, म्हणजे ऑल राइट, अशी ओरडायची, की मागच्या स्टँडवरची कोंबडी उडावी. मग तो गाडी सोडायचा. एकच थाप ऐकू आली तर थांबायचे. आरशात बघायची त्याला कधी गरज पडली नाही.

पुढे दारात पोरी ठेवायची पद्धत गेली, तो गावच्या छोट्या बसवर आला आणि तिथूनच निवृत्त झाला. ती घरी बसली. पण घरीही गाडी तिच्याच आवाजावर सुटायची. बाजारात घासाघीस तिने करायची, पाण्यावरून भांडण तिने काढायचे आणि तिनेच मिटवायचे, मिह्यांगच्या सासरच्यांशी बोलणी तिनेच केली. फोन वाजला आणि ती नहाणीघरात असली, तर मान्सॉक उचलून म्हणायचा, “थांब, आईला देतो.” मुलीशी त्याचे फोनवरचे संभाषण एवढेच.

आणि आता तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. सोलच्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखवले होते. गाठ आवाजाच्या शिरेला चिकटली आहे. काढायला तर हवीच, थांबण्यात अर्थ नाही. शीर वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू; नाही वाचली तर कुजबुजण्यापुरता आवाज राहील. त्या दिवशी परतताना ती अख्खा रस्ता गप्प होती. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिने तोंडाचा पट्टा जो सोडला, तो आजपर्यंत.

गोंगजूच्या पुढे महामार्गावरच्या थांब्यावर मिह्यांगने गाडी लावली. “मी इस्पितळात विचारते,” म्हणून ती फोन घेऊन बाजूला गेली. नवरा-बायको फुलांच्या वाफ्यासमोरच्या बाकावर टेकले. सरकारी वाफा तो. झिनिया ओळीत लावलेल्या, जवानांसारख्या.

“एवढी दाट लावतात का कुणी?” ती म्हणाली. “श्वास तरी कुठून घेणार बिचारी? लावणाऱ्यानं फुलं लावली नाहीत, काम उरकलंय.”

“हं.”

“तुम्ही हं करा नुसतं.”

तेवढ्यात मिह्यांग आली. चेहरा खुललेला.

“नर्स हसायलाच लागली! म्हणे या दिवसांत निम्म्या आज्या लाल नखं घेऊनच येतात. भुलीचा काही संबंध नाही. बोटाला चिमटा लावून श्वास नीट चाललाय का बघतात, तो रंगामुळे फसतो म्हणून नको म्हणतात. पायाच्या बोटाला लावतील. पायाची नाही ना रंगवलीस?”

“नाही.”

“मग झालं तर! जीव टांगणीला लावलात दोघांनी. थांबा, काहीतरी गरम आणते. रात्रीनंतर खायला मिळणार नाही तुला.” ती दुकानांच्या गर्दीत शिरली.

मान्सॉकने वळून पाहिले. बायको आपल्या बुटांकडे बघत होती.

“पायाचीही रंगवायला हवी होती,” ती म्हणाली.

“काय?”

“ऐकलंत ते.”

आता त्याला कळले, मघा काय खटकले ते.

“मुद्दाम केलंस?”

“मुद्दाम.” तिने दोन्ही हात मांडीवर पसरले. दहा नखे, डाळिंबाच्या दाण्यांसारखी. “मला वाटलं, रंग आहे तोवर हात लावणार नाहीत. पहिला बर्फ पडेपर्यंत टिकतो तो. तोवर टिकला तर मनातलं मिळतं म्हणून पोरी काय काय मागतात त्याच्यावर, मी म्हटलं आपण तेवढे दिवस मागावेत. तेवढ्यात बोलून घेतलं असतं सगळं.”

“काय बोलायचं राहिलंय?”

“मला काय माहीत! बोलायला लागल्याशिवाय कळतं का, काय बोलायचं राहिलंय ते?” तिचा आवाज चढला आणि मध्येच चिरकला. तिने गळ्यावर हात ठेवला. “मरणाचं भ्या नाही वाटत मला. खरंच नाही. पण सकाळी उठून अंगणात जायचं, आणि तुम्ही कुठंतरी मागं असणार, आणि मी हाक मारणार, आणि काही बाहेरच पडणार नाही… तुम्ही तर बोलत नाहीच. दोन मुकी माणसं घरात. कोण कुणाला जेवायला बोलावणार? चला परत, मी सांगते मिह्यांगला. बर्फ पडल्यावर बघू.”

तिच्या डोळ्यांत पाणी होते. मान्सॉकने ते पाहिले आणि त्याला उमगले, की आता कुणीतरी बोलायला हवे आणि आसपास त्याच्याशिवाय कुणी नाही. मुलगी रांगेत होती. जिवावर आले त्याच्या.

“परत नाही जायचं,” तो म्हणाला.

“का?”

“गाठ थांबणार नाही बर्फापर्यंत.”

“ते मला कळतं. माझं काय म्हणणं आहे, ते कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय.” ती वाट पाहत राहिली. तिला वाट पाहण्याची सवय नव्हती. “तुला ओरडता नाही आलं तर वाजव.”

“काय वाजव?”

“काहीही. दार. ताटली. मडकं. एकदा वाजवलंस तर थांबतो, दोनदा वाजवलंस तर येतो. कान आहेत मला अजून.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

“आणि भांडायचं असलं तर?”

“तर काय, दिवसभर वाजव.”

ती हसली. हसता हसता रडली, मग बाहीने नाक पुसले. “म्हातारपणी कंडक्टरकी करायला लावताय,” ती म्हणाली. “पण तुम्ही काय करणार? मी वाजवणार, तुम्ही हं करणार?”

“बोलेन.”

“तुम्ही?”

“बोलेन म्हटलं ना.”

मिह्यांग काड्यांना टोचलेले फिशकेक आणि वाफाळत्या रश्शाचे तीन कागदी पेले सांभाळत आली. आईचे लाल नाक बघून थबकली. “काय झालं? बाबा काही बोलले का तुला?”

“बोलले,” आई म्हणाली, आणि पेला घेऊन रस्सा फुंकू लागली. “मीठ जास्त आहे. चल, गाडी काढ. उशीर होईल.”

गाडीत बसल्यावर तिने जाहीर केले, की सोलला पोचल्यानंतर आपण तोंड उघडणार नाही; ज्यांनी शब्द दिलाय त्यांनी आत्तापासूनच सवय करावी. मान्सॉक ‘हं’ म्हणाला आणि त्याने जीभ चावली. तिथून सोलपर्यंत ती एक मिनिट थांबली नाही. मिह्यांगच्या जन्मावेळी मामाने बैल कसा पळवला होता ते झाले, बसमध्ये एकदा एका उतारूने डुकराचे पिल्लू कोटात लपवून आणले होते ते झाले. मान्सॉकने या गोष्टी इतक्यांदा ऐकल्या होत्या, की चुकले तर त्याला दुरुस्त करता आले असते. एरवी तो मधेच डुलकी काढायचा. आज तो आरसा वळवून मागे तिच्या तोंडाकडे बघत बसला. मिह्यांगने दोनदा आरसा सरळ केला, मग नाद सोडला.

इस्पितळ विमानतळाएवढे होते. मिह्यांग गाडी लावायला तळघरात गेली आणि दोघे भरतीच्या खिडकीसमोर उभे राहिले. काचेमागे गळ्यात ओळखपत्र घातलेली एक तरुण बाई होती.

“पेशंटचं नाव?”

बायकोने ओठ घट्ट मिटले आणि छताकडे पाहिले. इतकी वर्षे अशा प्रत्येक खिडकीशी तीच पुढे व्हायची. मान्सॉक एक पाऊल पुढे सरकला.

“मिह्यांगची आई,” तो म्हणाला.

“तसं नाही, आजोबा. त्यांचं स्वतःचं नाव.”

त्याने बायकोकडे पाहिले. ती छतावरचे दिवे निरखत होती. तिचे नाव त्याला माहीत नव्हते असे नाही. तोंडात कधी आले नव्हते. बसवर तो तिला ‘ए दारवाली’ म्हणायचा, लग्नानंतर ‘अगं’, मुलगी झाल्यावर मुलीची आई. त्याने घसा खाकरला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“बांग बोंगिम,” तो पुटपुटला.

“अहो, मोठ्यानं सांगा ना,” तोंड न उघडण्याचा पण विसरून बायको म्हणाली. “काचेपलीकडे काय ऐकू जाणार आहे?”

“बांग बोंगिम!”

बसच्या स्टँडवर ओरडावे तसे ते निघाले. रांगेतली माणसे वळून पाहायला लागली. काचेमागची बाई हसून ‘कळलं, कळलं’ म्हणाली, तिने नाव लिहून घेतले आणि समोरच्या खुर्च्यांवर बसायला सांगितले. मान्सॉक हलला नाही. बायकोचा हात धरून तो खिडकीपाशी तसाच उभा राहिला आणि कुणी विचारले नसताना तिसऱ्यांदा, हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असे म्हणाला, “बोंगिम.”