अण्णांचा विणलेला बूट

विणलेला ऑफिसचा बूट हा आपलाच शोध, असं सांगून एक कंपनी पेटंट मागत होती. क्रांतीला ते खोडायचं होतं. वीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात अण्णांनी, तिच्या वडिलांनी, मोजे विणायच्या मशीनवर तसाच बूट विणून थोरल्या जावयाला लग्नात घातला होता. ते बूट केव्हाच झिजले, अण्णाही गेल्या महिन्यात गेले. वकील पुराव्याला फोटो मागत होते, पण अल्बममध्ये मांडवातले सगळेच अनवाणी.

“जोडा तूच घिऊन पळालीवतीस की, चोरटे,” ताई म्हणाली.

शेवटच्या पानावर तो फोटो निघाला, कोपऱ्यात तारखेसकट. करवली क्रांती बूट उंच धरून पळतेय आणि मागून अनवाणी अण्णा. “आगं, उसवंल त्ये,” हे त्यांचं ओरडणं तिला आठवलं.

वकिलांना नुसता बूट पुरे होता. तिने फोटो अण्णांसकट पाठवला.