गुलाबी दस्ता

चौथी जागा मिळाली तर कवळीवाल्याच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहून घेऊ. नेमबाजी क्लबच्या फळ्यावर रंगाने लिहिलेलं नाव, बाहेरगावच्या सामन्यांना क्लबच्या गाडीतून जाणं, आणि सरावाला खिडकीजवळची उजेडाची जागा. पण संघातली ती जागा गेली सहा वर्षं त्याच्या मेहुण्याकडे होती. ती मिळाली की मेहुण्याला दोरीमागे उभं राहून बघावं लागणार, हा आणखी एक लाभ होता. तो कवळीवाला कुणाजवळ बोलून दाखवत नसे. बाकीचे तीन त्याने हसत वाटून टाकले असते.

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो वीस वर्षं कवळ्या करत होता. त्याची एअर रायफल दुकानातली सगळ्यात स्वस्त, नळी दुमडून छर्रा भरायची, स्प्रिंगवर चालणारी. मेहुण्याची परदेशी, हवेच्या टाकीची. तिच्या पेटीलासुद्धा मखमल. पण त्या स्वस्त रायफलीत एक गंमत होती. कारखान्यात त्या दिवशी कुणाचा तरी हात चुकून चांगला लागला असावा. दहा मीटरवर पाचातले चार छर्रे ती एका दाढेएवढ्या जागेत टाकायची. पाचवा मात्र आपल्या मर्जीने जायचा.

“जावईबापू, तुमचा पाचवा छर्रा गावाला जातो की काय?” मेहुणा विचारायचा. “पत्ता तरी ठेवून जातो का?”

“शोधतोय, दादा. सापडला की कळवतो.”

आणि तो खरंच शोधत होता. चौथ्या जागेसाठीची चाचणी तीन महिन्यांवर होती, पण त्या पाचव्या छर्र्याने त्याच्या डोक्यात असं घर केलं होतं, की चाचणी नसती तरी त्याने तेच केलं असतं. आधी संशय छर्र्यांवर. सोन्याचे दात तोलायच्या काट्यावर त्याने पाचशे छर्रे एकेक करून तोलले आणि वजनाप्रमाणे डब्यांत घातले. थोडा फरक पडला. मग चाप जड म्हणून त्याचे भाग काढून कवळीला चकाकी आणायच्या पावडरीने घासले. आणखी थोडा फरक. मग स्प्रिंगला तेल दिलं, ते इतकं, की पहिल्या तीन छर्र्यांना फटाक्यासारखा आवाज होऊन नळीतून धूर निघाला.

“अहो, छर्रे उडवताय की डास मारताय?” बायको म्हणाली. ती पोस्टात खिडकीवर बसायची. गोंधळ घालणारी माणसं तिला रोज आठ तास बघायला मिळत, त्यामुळे घरच्या माणसाचं तिला विशेष वाटत नसे.

शंभरात चौऱ्याऐंशीवरून कवळीवाला अठ्ठ्याऐंशीवर आला. मेहुणा नव्वदच्या खाली कधी उतरत नसे. आणि पाचवा छर्रा अजून बेपत्ताच होता.

तेव्हा कवळीवाल्याला आपला धंदा आठवला. तोंडात कवळी सैल असली की हलते, आणि हलली की घास चुकतो. म्हणजे रायफलसुद्धा हातात हलत असणार! एवढी सोपी गोष्ट इतके दिवस सुचली नाही, म्हणून त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि कामाला लागला. डाव्या पंजाचा आणि उजव्या गालाचा साचा घेतला, कवळीचं प्लास्टिक कालवलं, आणि लाकडी दस्त्यावर बोटांच्या खाचा आणि गालाचा खळगा असे चढवले, की रायफल धरली म्हणजे माणूस कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते कळू नये. दवाखान्यात प्लास्टिक एकाच रंगाचं यायचं. हिरड्यांच्या.

ती क्लबात नेली त्या दिवशी कुणी सराव केला नाही.

“हिला रात्री पाण्याच्या वाटीत ठेवता का?” मेहुण्याने विचारलं.

कवळीवाल्याने रायफल खाचांत घट्ट बसवली आणि दहा छर्रे मारले. एकोणऐंशी. आता पाचवाच नव्हे, सगळेच गावाला निघाले होते. दाढेएवढ्या जागेची अख्खी कवळी झाली होती.

चाचणीला आठ दिवस उरले असताना कवळीच्या साच्यात गरम मेण ओतताना त्याचा डावा अंगठा भाजला. पट्टी एवढी जाड, की अंगठा खाचेत जाईना. खंड पडू नये म्हणून त्याने घरातच, स्वयंपाकघराच्या ओट्यापासून बाल्कनीतल्या चिंध्या भरलेल्या पेटीपर्यंत, सराव मांडला. बायकोने मधली दारं लावून घेतली. रायफल उघड्या तळव्यावर नुसती टेकवून, ताटलीसारखी, त्याने पाच छर्रे मारले.

कागद आणायला गेला आणि तिथेच उभा राहिला. पाचही एका दाढेत.

“छर्रे नवे होते,” तो म्हणाला. “त्याचंच असेल.”

“अंगठाही नवा होता,” बायको म्हणाली. “दोन गोष्टी एकदम बदलल्यात, आता श्रेय कुणाला देणार? एका वेळी एकच बदला.”

मग पट्टी सोडून त्याच छर्र्यांनी पाच घट्ट धरून, पाच सैल. असं पाच वेळा, दर वेळी नव्या कागदावर. अंगठा ठणकत होता तरी. बायकोने दहा कागद ओट्यावर दोन रांगांत मांडले. घट्ट रांगेत छर्रे पांगलेले, सैल रांगेत एकमेकांना चिकटलेले.

आता कवळीवाल्याच्या लक्षात आलं. स्प्रिंग सुटली की रायफल छर्रा नळीत असतानाच उसळते. तिला दर वेळी सारखंच उसळू द्यायचं असतं. हा तिला दर वेळी वेगळं दाबत होता. पाचवा छर्रा म्हणजे ज्या वेळी तो जास्त मनापासून नेम धरायचा, तो.

“म्हणजे माझीच बोटं,” तो म्हणाला.

“तीन महिने घरात होती,” बायको म्हणाली. “आता ते गुलाबी काढा, खाच दिसली की तुम्ही धरणारच.”

शनिवारभर त्याने प्लास्टिक घासून काढलं. खोलीभर गुलाबी भुगा पडला. रायफल दुकानातून आली तशी दिसायला लागली, फक्त थोडी ओरखडलेली.

रविवारी मेहुण्याने आधी मारले. एक्याण्णव. कवळीवाल्याच्या नऊ छर्र्यांचे त्र्याऐंशी झाले. शेवटच्याला नऊ हवे होते. रायफल तळव्यावर टेकली, आणि बोटं आपोआप वर चढून लाकडाला बिलगायला लागली. ती जिंकायला निघाली होती. त्याने ती एकेक करून उलगडली. हे एवढंसं काम, पण पंच घड्याळ बघायला लागले. मग चाप ओढला.

नऊ.

“सैल धरून मारतोय!” मेहुणा दोरीमागून म्हणाला. “पडली असती म्हणजे?”

आता हे कुणाला केवढ्याला पडलं, ते पाहू. अंगठ्याची कातडी कवळीवाल्याची गेली. प्लास्टिकचे दोन डबे दवाखान्याचे गेले, ते डॉक्टरांना अजून कळलेलं नाही. सहा वर्षांची जागा मेहुण्याची गेली. पण रविवारी दुपारी कवळीवाला घरी येऊन शेवटच्या छर्र्याला बोटं कशी उघडली ते सांगायला बसला, आणि तो चहा प्यायला थांबला तेव्हा मेहुण्याचा फोन आला, की खिडकीतला उजेड मध्येच कसा बदलला. दोघांनी आपापलं बायकोला दोनदा सांगितलं. एकाचं नवरा म्हणून ऐकायचं होतं, एकाचं दादा म्हणून. सगळे मिळून साडेतीन तास झाले, आणि ते तिने भरले.