पाण्याची रेघ

"तडा गेलाय ह्याला," ऊसतोडीचे मुकादम कुंडलिकराव कोयता उन्हात तिरपा धरून म्हणाले. "बाराच्या बारा बाद."

गोजरबाईने भाता सोडला. "तडा न्हवं. पाण्याची रेघ हाय. रेघंच्या खाली कडक, वर मऊ."

"जोतीरामच्या कोयत्याला असायची ती रेघ. बाईमाणसानं पाणी पाजलं की तडाच जायचा."

सणसरच्या शिवारात ऊसतोड आठ दिवसांवर आली होती आणि जोतीराम लोहाराला जाऊन आठ महिने झाले होते. तेवढ्यात रेघेचा तडा झाला! माती तीच, पाणी तेच, हातही तोच. शेवटची बावीस वर्षे जोतीरामने फक्त घण मारला होता. विस्तवाने त्याचे डोळे अधू झाले, तापल्या लोखंडाची लाली त्याला ओळखू येईना. तेव्हापासून पाठ मऊ राहावी म्हणून पात्याच्या पाठीवर माती थापणे, लाली बघून ते पाण्यात घालणे, सगळे गोजरबाईच करायची. गावाला हे ठाऊक नव्हते. नवऱ्याची अब्रू म्हणून तिने कधी तोंड उघडले नाही, आणि गाव त्याला वाहवा देत राहिले.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कोयता हिसकावून तिने ऐरणीच्या कडेवर दणका हाणला. ऐरणीला खाच पडली. पात्याची धार तशीच होती.

कुंडलिकरावांनी धारेवरून बोट फिरवले. मग मुठीजवळ पात्याच्या पाठीवरची छाप पाहिली आणि हसले. "आगं, छाप जोतीरामची हाय की! मरायच्या आदी करून ठिवल्यात व्हय? तसं सांग ना. समदं घेतो."

घरात जोंधळा संपत आला होता. नुसते 'व्हय' म्हटले असते तरी भागले असते. खरे काय ते सांगितले असते तर मेलेल्या माणसाची शोभा झाली असती.

"न्हाय," ती म्हणाली. "हे मी क्येल्यात. म्या एकलीनं."

"मग ऱ्हाऊ दे तुझ्यापाशीच," म्हणून ते चालते झाले.

गोजरबाईने छापेवरून अंगठा फिरवला. सवयीने मारली होती तिने ती छाप. मग तिने कानस काढली, पहिला कोयता मांडीवर घेतला आणि जोतीरामची छाप घासू लागली. पाठ तिनेच मऊ ठेवली होती, कानस सहज चालली. रेघेला तिने हात लावला नाही.